ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि फिजिओथेरपी: बेळगाव भागातल्या बायकांसाठी, पहिल्यापासून

"सोनोग्राफी नॉर्मल आहे." हे वाक्य मी सहा वर्षांत चार दवाखान्यांत ऐकलं. धाकटीच्या सिझेरियननंतर ओटीपोटात डावीकडे जे धरलं ते सुटेचना. खाली बसलं की माकडहाडापाशी ठणका, लघवी झाल्यावर जळजळ, आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की सगळं अंग आक्रसून यायचं. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाकू. तारीखसुद्धा ठरली होती. नात्यातली एक नर्स तेवढ्यात घरी आली आणि म्हणाली, "काढायच्या आधी एकदा फिजिओथेरपीवाल्या बाईंना दाखव की." मला वाटायचं, फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि मान. त्या बाईंनी तपासताना एका जागी बोट ठेवून विचारलं, "हेच का?" हेच होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझं दुखणं सापडलं होतं. मी तिथं टेबलावरच रडले.

माझी पिशवी जागेवर आहे आणि दुखणं जवळजवळ गेलं आहे. आता वडगाव, शहापूर, येळ्ळूरकडच्या ओळखीच्या बायकांना घेऊन मी त्यांच्या पहिल्या भेटीला जाते. प्रत्येकीला तीच भीती असते आणि प्रत्येकीचे प्रश्नही तेच असतात, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. औषधाचं डॉक्टरांनी सांगावं. जिथं कुणी काही सांगत नाही तेवढंच मी सांगते.

हे स्नायू कोणते

आपल्या बसण्याच्या जागेत, पुढे जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय हे सगळं त्या झोळीत बसलेलं. लघवीची, योनीची आणि शौचाची वाट तिच्यातूनच बाहेर येते. श्वास आत घेतला की ही झोळी हलकी खाली येते, सोडला की वर जाते. दिवसभर, झोपेतसुद्धा. इंग्रजीत पेल्विक फ्लोअर म्हणतात, दवाखान्यात तोच शब्द कानावर पडेल.

आता घागर घेऊन लांबून चालत आल्यावर काय होतं आठवा. घागर खाली ठेवली तरी बोटं लगेच उघडत नाहीत. झोळीचं तसंच होतं. लघवीचा जंतुसंसर्ग, बाळंतपणाचे टाके, पोटावरच्या शस्त्रक्रियेची खूण, पाळीतली असह्य कळ, माकडहाडावर आपटणं, लग्नानंतरची भीती, यातल्या कशानंही ती आवळली जाते. मूळ कारण बरं होतं, आवळलेलं मात्र तसंच राहतं. आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं, त्यात गाठीसारखे दुखरे ठिपके तयार होतात, आणि दुखणं तिथून कंबर, जांघ, मांडीच्या आतल्या बाजूला, लघवीच्या जागेपर्यंत पसरतं. सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसते, अंडाशय दिसतं, गाठ असली तर तीही. स्नायू आवळलाय का, हे त्या तपासणीत कुणी बघत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो आणि बाई दुखत राहते.

सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या ओटीपोटाच्या दुखण्याला साधारणपणे जुनं दुखणं म्हणतात. त्यात बऱ्याचदा एकापेक्षा जास्त कारणं गुंतलेली असतात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजारही असतो आणि स्नायूही आवळलेले असतात. एकाचा इलाज केला म्हणून दुसरं आपोआप सुटत नाही.

पहिली पायरी: आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मगच व्यायाम

फिजिओथेरपीनं बरं वाटेल असं मी म्हणते म्हणून डॉक्टर टाळू नका. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणं, ताप आणि घाण वासाचा स्राव, वजन आपोआप उतरणं, संबंधानंतर रक्तस्राव, पोट फुगत जाऊन भूक मंदावणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला अचानक जोरात कळ आली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. दोन्ही जांघांच्या मधे बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तो मणक्याचा तातडीचा प्रकार आहे, त्यातही वेळ दवडायचा नसतो.

साध्या तपासण्यांत लघवीची तपासणी आणि कल्चर, सोनोग्राफी, गरजेप्रमाणे रक्त. आपल्याकडे गर्भपिशवी आणि नळ्यांचा क्षयही असतो, डॉक्टरांनी त्याची शंका काढली तर घाबरू नका, त्याला औषध आहे. एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दिसला नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. पाळीत अंथरूण धरायला लागत असेल, शौचाच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल, तर हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.

पिशवी काढण्याबद्दल मला इथं थोडं थांबायचंय. काही आजारांत ती काढावीच लागते, तिथं वाद नाही. पण देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या तीनहून थोड्या जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे अजून पाळी जायचं वय न झालेल्या बायकाही त्यात आहेत. दुखणं स्नायूंचं असेल तर पिशवी काढून ते जात नाही, उलट पोटावर आणखी एक खूण वाढते. म्हणून कुणी काढू म्हटलं तर तीन गोष्टी विचारा: नेमका आजार कोणता, दुसरा कुठला उपाय करून बघितला का, आणि पेल्विक फ्लोअरचे स्नायू कुणी तपासलेत का. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एवढ्यानं कुणी रागावलं तर रागावू द्या.

दुसरी पायरी: कॅलेंडरवर दुखणं लिहा

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता, त्याच्याच चौकोनात रोज रात्री एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे दुखलं नाही, दहा म्हणजे सहन होईना. शेजारी एखादं अक्षर: पाळी असेल तर पा, बसण्यानं वाढलं तर ब, लघवीनंतर वाढलं तर ल, संबंधानंतर असेल तर तुम्हालाच कळेल अशी एखादी खूण, घरात कुणी विचारलं तर काहीही सांगता येईल अशी. एक पूर्ण पाळी होईपर्यंत लिहा.

दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात आणि त्या पाच मिनिटांत आपल्याला काही आठवत नाही. कॅलेंडरचं पान फाडून, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून न्या. माझ्या एका मैत्रिणीचं दुखणं दर सोमवारी वाढायचं. लिहिल्यावर कळलं, शनिवार-रविवार ती एकाच बैठकीत शिलाई मशिनवर बसायची.

तिसरी पायरी: योग्य बाई शोधणं

बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, एमपीटी म्हणजे पुढचं शिक्षण. पण प्रत्येक फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाही. बेळगावात नेहरूनगरला केएलईच्या हॉस्पिटलच्या आवारात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, बिम्सचं म्हणजे आपलं सिव्हिल आहे. अथणी, कागवाड, चिकोडीकडच्या बायका सवयीनं मिरज-सांगलीला जातात, निपाणीच्या कोल्हापूरला, खानापूरच्या काही गोव्याला, रामदुर्ग-सौंदत्तीच्या हुबळीला. कुठंही जा, पण जायच्या आधी फोन करून विचारा. प्रश्न असे: तुमच्याकडे पेल्विक फ्लोअरचे उपचार करणारी महिला फिजिओथेरपिस्ट आहे का? ती ओटीपोट दुखणाऱ्या बायका बघते, की फक्त बाळंतपणानंतरचे व्यायाम घेते? तपासणीसाठी दाराची खोली आहे का, की नुसता पडदा? शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते. तरी विचारा, पडद्याआड कुणाचंही अंग सैल होत नाही.

आठवड्याला एकदा जायचं म्हणजे येण्याजाण्याचा खर्च, आणि बऱ्याच जणी तिथंच सोडून देतात. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून शक्ती योजनेत फुकट जाता येतं. आधार कार्ड जवळ ठेवा, शून्याचं तिकीट मागून घ्या. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते त्या राज्याच्या हद्दीतल्या अंतराला. खानापूरच्या बाईला बेळगावात दाखवता येत असेल तर कोल्हापूरला कशाला जा, एवढंच माझं म्हणणं. हा उपचार एका मोठ्या भेटीनं होत नाही. जवळची आणि नियमानं जमणारी जागा चांगली.

भाषेचंही आहेच. कॉलेजच्या दवाखान्यात शिकणाऱ्या मुली केरळच्या, गुजरातच्या, हुबळीच्या असतात. कुणाला मराठी येतं, कुणाला नाही. हिंदीवर भागतं. तरी थोडे कन्नड शब्द तोंडात असू द्या: केळहोट्टे नोवु म्हणजे ओटीपोटात दुखणं, सोंट नोवु म्हणजे कंबर दुखणं, उरि म्हणजे जळजळ, मुट्टु म्हणजे पाळी. आणि साकु म्हणजे पुरे, बेड म्हणजे नको, हे आपल्याला लहानपणापासून येतातच. तपासणीच्या टेबलावर सगळ्यात जास्त उपयोगाचे तेच दोन आहेत.

चौथी पायरी: पहिली भेट

पहिला अर्धा तास नुसतं बोलणं. पाळी, बाळंतपणं, शस्त्रक्रिया, लघवी किती वेळा, शौचाला जोर लावावा लागतो का, संबंधात दुखतं का, बसून काम किती. काही प्रश्नांनी कानशिलं गरम होतात. खरं सांगा. सासू बरोबर आली असेल तर तिला बाहेर बसवायला फिजिओथेरपिस्टनंच सांगावं, अशी आधी फोनवर विनंती करून ठेवा. मी हे प्रत्येकीच्या वतीनं करते, आणि कुणाची सासू अजून रागावलेली नाही.

मग बाहेरून तपासणी. कंबर, खुबे, पोट, सिझेरियनची खूण, मांडीच्या आतले स्नायू, श्वास कसा घेता. कपडे सगळे काढावे लागत नाहीत, वर चादर असते.

आतली तपासणी ही वेगळी गोष्ट आहे आणि तिलाच बायका भितात. हातमोजा घालून, जेल लावून, एक बोट योनीत हळूच ठेवून आजूबाजूचा स्नायू घट्ट आहे का, कुठं दुखतो, सांगितल्यावर सैल होतो का, एवढंच बघतात. डॉक्टरांकडचं ते लोखंडी यंत्र इथं वापरत नाहीत. त्याआधी तुमची परवानगी घेतली पाहिजे, दरवेळी. पहिल्या भेटीत नको म्हटलं तरी उपचार सुरू होतात. लग्न न झालेल्या, आधी कधी संबंध न आलेल्या मुलींचे उपचार बाहेरूनच करता येतात. ते त्या मुलीनं आधी सांगावं आणि बाईंनीही विचारावं. गर्भार असाल, जंतुसंसर्ग चालू असेल, किंवा बाळंतपणाला अथवा शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले नसतील, तर आतली तपासणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाळीत असाल तर भेट रद्द करायची गरज नाही, त्या दिवशी बाहेरून काम होतं.

निपाणीची एक विडी कामगार बाई मला सांगत होती, "मी तर आधी घाबरूनच गेलो होतो अक्का, पण त्या बाईनं दरवेळी विचारलंन्, चालेल काय, थांबू काय. आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं." ज्या ठिकाणी विचारत नाहीत तिथून उठून या. साकु म्हटल्यावर हात थांबला पाहिजे.

तपासणीनंतर एक-दोन दिवस ठसठस राहू शकते. तीन दिवसांनीही कमी होत नसेल किंवा रक्त दिसलं तर कळवा.

पाचवी पायरी: सोडायला शिकणं

या उपचारातलं सगळ्यात मोठं काम घरी होतं, आणि ते दिसायला इतकं साधं आहे की पहिले पंधरा दिवस कुणाचा विश्वास बसत नाही.

आधी एक चूक दुरुस्त करते. मोबाईलवर शोधलं की सगळीकडे केगेल व्यायाम दिसतो: खालचे स्नायू आवळा, धरा, सोडा. अमेरिकेतल्या आर्नोल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये तो मांडला, बाळंतपणानंतर ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी. खोकताना लघवी होणाऱ्या बाईला तो उपयोगाचा आहे. पण जिचे स्नायू आधीच मुठीसारखे आवळलेत, तिनं दिवसाला शंभर वेळा अजून आवळले तर दुखणं वाढतं. मी दोन महिने ते केलं होतं, आणि त्या दोन महिन्यांत मला बसता येईना. तपासणी होईपर्यंत केगेल बंद ठेवा.

आता श्वास. चटईवर उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर, गुडघ्यांखाली उशी घेतली तरी चालेल. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. नाकानं चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्या. खालचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ हलायला नको. त्याच वेळी खाली, दोन मांड्यांच्या मधे, झोळी हलकेच खाली उतरतेय असं लक्ष ठेवा. जोर लावून ढकलायचं नाही, लघवी सुरू होताना जे आपोआप सुटतं तेवढंच. मग सहा अंक मोजत श्वास सोडा. सोडताना काही आवळू नका, जबडाही नको. दात घट्ट दाबले की खालचंही घट्ट होतं, स्वतः करून बघा.

पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. एक सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच, दुसरी रात्री. पहिले काही दिवस खाली काहीच जाणवणार नाही. तेव्हा एक जुना टॉवेल लांबट गुंडाळा आणि त्यावर घोड्यावर बसल्यासारखं खुर्चीत बसा. श्वास आत घेतला की टॉवेलवर हलका दाब वाढतो, सोडला की कमी होतो. मला हे नवव्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा मी स्वयंपाक तसाच टाकून अर्धा तास बसून राहिले होते.

श्वास जमला की त्यावर आसनं. बालासनात गुडघे फाकवून, पोटाखाली उशी घेऊन पुढे वाका, एक-दोन मिनिटं तसंच राहून श्वास. उताणं झोपून तळवे जुळवा, गुडघे दोन्हीकडे सोडा, गुडघ्यांखाली गोधड्या लावा, म्हणजे मांड्या लोंबकळत राहणार नाहीत. एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी छातीकडे ओढली की कुल्ल्याचा खोल स्नायू ताणला जातो. ताण जाणवावा, दुखू नये. दहापैकी तीनच्या वर गेलं की मागे या.

मुलांचा रबरी चेंडू भिंत आणि कुल्ला यांच्या मधे धरायचा आणि दुखऱ्या ठिपक्यावर मिनिटभर थांबायचं, हेही फार कामाचं आहे. हाडावर नाही, मांसल भागावर. पायात झिणझिण्या गेल्या तर चेंडू सरकवा.

सिझेरियनची किंवा दुसरी पोटावरची खूण असेल तर ती पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर, खोबरेल तेलाच्या बोटांनी ती वर-खाली, बाजूला, गोल अशी हलवायची. रोज पाच मिनिटं. माझी खूण डाव्या टोकाला आत चिकटल्यासारखी होती, बोट लावलं की लघवीला लागायची. दहा वर्षांपूर्वीची खूणसुद्धा मऊ होऊ शकते.

गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. श्वासाच्या आधी घेतली तर जास्त उपयोग होतो.

सहावी पायरी: संडास, लघवी आणि रोजचं काम

शौचाला जोर लावणं बंद. देशी संडासावर उकिडवं बसणं या स्नायूंना चांगलंच, पण गुडघ्यांमुळे कमोड वापरत असाल तर पायांखाली सात-आठ इंच उंच काहीतरी घ्या. एक पाट पुरत नाही, दोन एकावर एक लागतात, आणि ते घसरत नाहीत ना बघा. पुढे वाकून कोपरं मांडीवर, आणि दम धरण्याऐवजी श्वास सोडत बसा. बद्धकोष्ठ असेल तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पाणी, लागलं तर इसबगोल. पोट साफ नसेल तर वरचे सगळे व्यायाम अर्धेच लागू पडतात.

लघवीचं आपल्याकडे दोन टोकांचं असतं. शेतात जाणाऱ्या बाईला आडोसा नसतो, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि संध्याकाळपर्यंत लघवी धरून ठेवते. घरात असणारी दुखतंय म्हणून दर अर्ध्या तासाला जाऊन येते. दोन्हींनी मूत्राशय बिघडतं. तीन-साडेतीन तासांनी एकदा हे ध्येय ठेवा, तिथंपर्यंत हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत जा. बस स्टँडवरच्या संडासात घाण म्हणून आपण अर्धवट उभ्यानं करतो. त्यात झोळी सुटतच नाही, लघवी मागे राहते. पूर्ण उकिडवं बसा. चहा, तिखट, आंबट यांनी जळजळ वाढते असं वाटलं तर दोन आठवडे एकेक बंद करून कॅलेंडरवर आकडा बघा. काहींना फरक पडतो, काहींना नाही.

कामाचं सांगायचं तर प्रत्येकीचं वेगळं. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास एकाच घडीत बसते. तिनं बसायला घडी केलेलं कांबळं घेऊन बूड गुडघ्यांपेक्षा उंच ठेवावं, पाठ भिंतीला टेकवावी, आणि विड्यांचा एक कट्टा झाला की उठून खोलीभर चालून यावं. मजुरी कट्ट्यावर असते हे मला माहीत आहे, म्हणून दर अर्ध्या तासाला उठा असं मी सांगत नाही. भात लावणीत वाकणं टळत नाही, पण ओळ संपल्यावर बांधावर मिनिटभर हात कंबरेवर ठेवून मागे झुकता येतं. उसाची मोळी, पाण्याची कळशी, मूल, काहीही उचलताना श्वास धरू नका, उचलतानाच सोडा. बाळंतिणीचं पोट करकचून बांधण्याची रीत आपल्याकडे आहे. घट्ट बांधलं की दाब खाली झोळीवरच येतो. आधारापुरतं, सैल बांधा.

सातवी पायरी: आतले उपचार आणि नवरा-बायकोचं

काही भेटींनंतर, तुमची तयारी असेल तर, फिजिओथेरपिस्ट आतल्या दुखऱ्या ठिपक्यांवर बोटानं हलका दाब देऊन ते सैल करतात. दाब, श्वास, थोडं थांबणं, पुन्हा. काही ठिकाणी बायोफीडबॅक असतो: स्नायू आवळला की पडद्यावर रेघ वर जाते, सोडला की खाली येते. डोळ्यांनी दिसलं की शरीराला लवकर कळतं.

संबंधात दुखत असेल, किंवा जमतच नसेल, तर डायलेटर नावाच्या लहानापासून मोठ्यापर्यंतच्या गुळगुळीत नळ्या मिळतात. सगळ्यात लहान घेऊन, भरपूर पाण्याचं जेल लावून, श्वास सोडत, स्वतःच्या हातानं. एका मापावर काहीच दुखेनासं झालं की मगच पुढचं. घाई करून एक माप उडी मारली तर आठवडा मागे जातं. बाळाला पाजताना आणि पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी पडते, त्याला डॉक्टर वेगळी क्रीम देतात, ती मागून घ्या.

नवऱ्याला सांगावंच लागतं. मी एवढंच म्हटलं होतं: "हे माझ्या मनात नाही, स्नायूत आहे, आणि डॉक्टर बाईंनी दोन महिने नको म्हणून सांगितलंय." दोन महिने संबंध नाही, ही मुदत कळल्यावर त्यांनाही सोपं गेलं आणि मलाही रात्र पडायची भीती राहिली नाही. ज्या घरात नवरा ऐकून घेत नाही, जबरदस्ती करतो, तिथं कुठलाच व्यायाम टिकत नाही. तसं असेल तर हे फिजिओथेरपिस्टला नाहीतर डॉक्टरला एकटीत सांगा. बायकांसाठीचा १८१ हा मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो.

किती दिवस लागतात

बहुतेक जणींना आठवड्याला एक भेट असं दोन-तीन महिने. पहिला बदल दुखण्यात दिसत नाही. झोप सुधारते, लघवीचं अंतर वाढतं, दुखणं येतं पण लवकर ओसरतं. महिन्याच्या आकड्यांची सरासरी काढा, एका वाईट दिवसावरून ठरवू नका. सहा-आठ भेटी होऊन कॅलेंडर जसंच्या तसं असेल तर परत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. काहीतरी बघायचं राहिलं असेल, किंवा सोबत औषध लागत असेल. वर्षानुवर्षं दुखल्यावर मज्जातंतू राखणीच्या कुत्र्यासारखे होतात, घरचं माणूस आलं तरी भुंकतात. त्यांना शांत करणाऱ्या गोळ्या असतात. त्या मनाच्या आजाराच्या म्हणून घाबरून बंद करू नका, आणि चालू असतील तर स्वतःहून सोडू नका.

दुखणं अधूनमधून उसळून येतं. माझं दरवर्षी माहेरी लावणीला गेलं की येतं, आणि घरात लग्न असलं की. तेव्हा दोन दिवस ताण देणारी आसनं बंद, नुसता श्वास आणि शेक, आणि हिंडणं-फिरणं चालू. पूर्ण अंथरूण धरायचं नाही. आता मृगाच्या आधी पंधरा दिवस मी पुन्हा दोन्ही वेळचा श्वास सुरू करते, चेंडू पिशवीत टाकते, आणि खानापूरच्या गाडीत बसायच्या आधी त्या बाईंकडे एकदा जाऊन येते.